ऊर्जा आणि पर्यावरण धोरण शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी डिसेंबर उजाडला की मला फोन सुरू होतात ते थेट मे महिन्यापर्यंत. कुणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतं, कुणी बीए अर्थशास्त्र करून घरी बसलेलं, तर कधी एखाद्या मुलीची आई परस्पर फोन करून विचारते, "हे असलं शिकून पुढे होतं काय?" प्रश्न ठरलेले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकतो.

माझ्याबद्दल एवढंच, की मी मेकॅनिकल इंजिनिअर, नंतर धोरणाचा अभ्यास केला आणि आता पुण्यात वीजदर आणि नियमन या विषयावर काम करतो. त्यामुळे उत्तरांचा कल विजेकडे झुकलेला आहे. जंगल आणि पाणी यांत काम करणाऱ्याने हेच पान लिहिलं असतं तर बरंच वेगळं झालं असतं.

हा विषय म्हणजे नेमकं काय? कॉलेजात ईव्हीएस (पर्यावरण अभ्यास) होतं, तेच का?

नाही. ईव्हीएसचा तो प्रकल्प सगळ्यांनी केलाय: सीनिअरची फाईल घ्यायची, मुखपृष्ठ बदलायचं, ओझोनच्या थराचं चित्र चिकटवायचं. पर्यावरणशास्त्र आणि पर्यावरण धोरण हेही दोन वेगळे विषय आहेत. हवेत सल्फर डायऑक्साइड किती आहे आणि त्याने फुप्फुसाचं काय होतं, हे पर्यावरणशास्त्र सांगतं. तो कमी करायचा नियम कुणी करायचा, यंत्रणा बसवायचा खर्च वीजबिलात टाकायचा की कंपनीने सोसायचा, आणि नियम पाळला नाही तर पुढे काय, इथून धोरणाचा अभ्यास सुरू होतो.

हेच उदाहरण पुढे नेतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कोळशावरच्या वीजकेंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत टळली, वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. या दहा वर्षांत विज्ञान तेच होतं आणि यंत्रही बाजारात मिळत होतं. मग अडलं कुठे? वीजदर वाढण्याची भीती होती, यंत्रांचे पुरवठादार मोजके होते, आपल्या कोळशात गंधक मुळात कमी असतं असा युक्तिवाद होता, आणि दोन मंत्रालयांचं म्हणणं जुळत नव्हतं. हे 'अडलं कुठे' सुटं करून पाहायला शिकणं म्हणजे हा विषय.

ऊर्जा आणि पर्यावरण एकत्र का शिकायचं?

मी एका औष्णिक वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलो. आई वाळत घातलेले कपडे काढताना आधी झटकायची, मग घडी घालायची. पांढऱ्या शर्टावर बारीक करडी राख बसलेली असायची. भारतीय कोळशातून एक युनिट वीज काढायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो आणि त्यात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राख असते. म्हणजे एका युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख. घरात महिन्याला शंभर युनिट जळत असतील आणि ते सगळे कोळशाचे धरले, तर वीस-पंचवीस किलो राख कुठेतरी साठतेय. ती साठते त्या गावचं नाव बिलावर छापलेलं नसतं.

दुसरं उदाहरण उलट्या दिशेचं. राजस्थान आणि गुजरातच्या माळरानांवर सौर आणि पवन प्रकल्प उभे राहिले आणि त्यांची वीज वाहून न्यायला उच्चदाबाच्या तारा आल्या. माळढोक पक्षी अंगाने जड, त्याला समोरचं नीट दिसत नाही, ऐन वेळी वळता येत नाही, त्यामुळे तो तारांवर आपटून मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पट्ट्यातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सरकार आणि कंपन्यांचं म्हणणं, खर्च परवडणार नाही आणि तंत्रही सोपं नाही. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे असंही म्हटलं. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य आहे, पण तिथे आता हा पक्षी दिसला तर बातमी होते.

आता सांगा, इथे पर्यावरणाची बाजू कोणती? स्वच्छ विजेची की पक्ष्याची? गोव्यात मोले अभयारण्यातून जाणाऱ्या वीजवाहिनीवरून झालेला वादही याच जातीचा. चांगला प्राध्यापक अशा प्रकरणावर तीन आठवडे घालवतो आणि शेवटी उत्तर देत नाही. पहिल्यांदा त्याचा राग येतो.

मी इंजिनिअर नाही. बीए / बीकॉम / एलएलबी झालंय. चालेल का?

चालतं. वर्गात चार प्रकारची मुलं असतात: इंजिनिअर, अर्थशास्त्रवाले, वकील आणि 'मला पर्यावरणाची आवड आहे' म्हणून आलेले. पहिल्या सत्रात इंजिनिअरांना वाटतं आपल्याला सगळं येतं. दुसऱ्या सत्रात कायद्याचं कलम वाचायची वेळ आली की त्यांची गाडी अडकते. माझी अडकली होती. वीज कायदा २००३ मधलं एक वाक्य मी चार वेळा वाचलं आणि शेवटी शेजारी बसलेल्या लातूरच्या वकील मैत्रिणीला म्हणालो, "हे मराठीत सांग." तिने अर्ध्या मिनिटात सांगितलं. पुढे तिला किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांतला फरक मी समजावला. नळाची धार आणि बादलीत जमलेलं पाणी, एवढंच.

कलाशाखेच्या मुलांना माझा एकच आग्रह. एकक आणि आकडा यांची भीती आधी घालवा. मेगावॉट म्हणजे काय, एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो (आपल्या ग्रिडसाठी सरासरी ०.७ किलो धरून चाला), एक किलोवॉटचं सौर पॅनेल दिवसाला किती युनिट देतं (साधारण चार), एवढं तोंडपाठ असलं की पुढचं सोपं जातं.

गणित किती लागतं?

बारावीचं विज्ञानशाखेचं गणित येत असेल तर पुरतं. कॅलक्युलसपेक्षा संख्याशास्त्र जास्त लागतं आणि त्याहून जास्त लागतं एक्सेल. थट्टा नाही. वीजदराच्या याचिकेला जोडलेले तक्ते डोळे फिरवणारे असतात, आणि त्यातली चूक पकडणारा माणूस कुठल्याही कार्यालयात हवाहवासा असतो.

एक संकल्पना मात्र नीट मुरवा. आजचा रुपया आणि वीस वर्षांनंतरचा रुपया यांची तुलना कशी करायची? सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च आज होतो, कोळशाचा खर्च रोज होतो. भविष्यातला खर्च आजच्या किमतीत आणताना कोणता दर धरायचा, यावर कोणता प्रकल्प स्वस्त दिसेल हे ठरतं. हा दर तीन-चार टक्क्यांनी हलवला की अहवालाचा निष्कर्ष कधी कधी उलटा होतो. अहवाल वाचताना मी पहिल्यांदा तो दर शोधतो.

अभ्यासक्रमात काय काय असतं?

विद्यापीठागणिक बदलतं, पण गाभा बहुतेक ठिकाणी सारखा: पर्यावरणीय अर्थशास्त्र, ऊर्जेची तंत्रं आणि बाजार, पर्यावरण कायदा, हवामानबदलाचं विज्ञान आणि वाटाघाटी, धोरणाचं विश्लेषण, संशोधनपद्धती, आणि शेवटी प्रबंध. भारतात शिकलात तर १९७४ चा जल कायदा, १९८० चा वनसंवर्धन कायदा, १९८१ चा हवा कायदा, भोपाळनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना आणि २०१० चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा हे सगळं येतंच. या न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. पुण्यात शिकत असाल तर सुनावणी कशी चालते हे एकदा जाऊन बघा.

माझ्या मते महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने एन्रॉनचं प्रकरण बारकाईने वाचल्याशिवाय पदवी घेऊ नये. आजकाल मुलांना नाव ऐकून माहीत असतं, पण 'काहीतरी भ्रष्टाचार झाला होता ना?' याच्या पलीकडे नाही. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदी करार केला. दोन टप्पे मिळून क्षमता २,१८४ मेगावॉट. करारात ठिकठिकाणी डॉलर होता, म्हणजे रुपया घसरला की वीज महाग. आणि मुख्य मेख अशी, की वीज घ्या किंवा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचेच. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, फेरवाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्था या पेट्रोलियम इंधनावर सुरू झाला. वीज एवढी महाग पडली की २००१ मध्ये मंडळाने ती घेणंच थांबवलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

त्या काळात पुण्याच्या प्रयास या छोट्या गटाने करारातले आकडे सोडवून लोकांपुढे मांडले होते. घोषणा देणारे पुष्कळ होते, गणित करणारे मूठभर. वीजदराची जाहीर छाननी, आयोगापुढची सुनावणी, ग्राहकांच्या हरकती या आज नेहमीच्या वाटणाऱ्या गोष्टी आपल्याकडे रुजल्या त्या याच काळात. राज्याचा वीज नियामक आयोग, म्हणजे वीजदर ठरवणारी संस्था, १९९९ चा.

भारतात कुठे शिकता येईल?

'ऊर्जा आणि पर्यावरण धोरण' असं पाटीवर लिहिलेला अभ्यासक्रम शोधत बसलात तर फारसं हाती लागणार नाही. विषय वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेला आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत हवामानबदल आणि शाश्वततेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आयआयटी मुंबईत तीन दारं आहेत: ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकी विभाग, सार्वजनिक धोरणाचं अशांक देसाई केंद्र, आणि ग्रामीण तंत्रज्ञानासाठीचं सितारा. सिताराच्या मुलांना गावात जाऊन राहावं लागतं आणि ती बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात ते जाणवतं. दिल्लीत टेरी या ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्थेचं अभिमत विद्यापीठ आहे. बंगळुरूत राष्ट्रीय विधि विद्यापीठाचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम आणि अझीम प्रेमजी विद्यापीठ. भोपाळला भारतीय वन व्यवस्थापन संस्था. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे, पण त्याचा पाया विज्ञानाचा, हे लक्षात ठेवून जा. अर्थशास्त्र पक्कं करायचं असेल तर १९३० पासूनची गोखले संस्था.

प्रवेशाच्या परीक्षा आणि पद्धती गेल्या काही वर्षांत सारख्या बदलताहेत. सीनिअर काय सांगतो त्यावर जाऊ नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडा. मागच्या वर्षी एका मुलाने जुन्या माहितीवर विसंबून अर्जाची तारीख चुकवली आणि मग मला फोन केला. मी काय करणार होतो?

आणि परदेशात?

अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात अगदी याच नावाने, म्हणजे ऊर्जा आणि पर्यावरण धोरण या नावाने, मास्टर्स आणि पीएचडी करता येते. बर्कलेचा एनर्जी अँड रिसोर्सेस ग्रुप १९७३ चा, तेलसंकटाच्या वर्षातला. कार्नेगी मेलनमध्ये इंजिनिअरिंग आणि सार्वजनिक धोरण यांचा एकत्र विभाग आहे, तिथे गणित भारी. ब्रिटनमध्ये ससेक्स विद्यापीठाचं विज्ञान धोरण संशोधन केंद्र स्प्रू आणि लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजचं पर्यावरण धोरण केंद्र ही परिचित नावं. ब्रिटनचं मास्टर्स एका वर्षात आटोपतं. खर्च वाचतो, पण सप्टेंबरात उतरून दम घेईपर्यंत प्रबंधाचा विषय मागतात.

जर्मनी स्वस्त, हे अर्धं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच गोठवलेल्या खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) दाखवावे लागतात. ही रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो आहे. घरी 'जर्मनीत फुकट शिक्षण आहे' असं सांगून मग वडिलांना हा आकडा दाखवायची पाळी आणू नका.

जाण्याआधी एक विचार करा. तिथे तुम्ही युरोपचा कार्बन बाजार, म्हणजे उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री, शिकाल, कॅलिफोर्नियाचे नियम शिकाल. परत आलात की इथे तुमच्यापुढे येणार मीटर नसलेला कृषिपंप. म्हणून परदेशात असलात तरी प्रबंधाचा विषय शक्यतो भारतातला घ्या. प्राध्यापक बहुधा खूशच होतात.

शिष्यवृत्ती मिळते का?

मिळते, पण अर्ज वर्षभर आधी सुरू करावा लागतो. ब्रिटनसाठी चेव्हनिंग: किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, जर्मनीसाठी डाड या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या योजना, युरोपातल्या संयुक्त अभ्यासक्रमांना एरास्मस मुंडस. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून विद्यापीठ निवडण्याआधी अट वाचा, नंतर नव्हे. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडॉवमेंटची मदत ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे. ती परत फेडायची असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. इंग्रजी कच्चं आहे. जमेल?

मीही मराठी माध्यमाचाच. पहिलं सत्र जड जातं, खोटं कशाला बोलू? एक लेख वाचायला इतरांना एक तास लागायचा, मला तीन. पण एक फायदा असा झाला की क्षेत्रभेटीला गेल्यावर वर्गातले स्मार्ट इंग्रजीवाले माझ्या तोंडाकडे बघायचे. 'भारनियमन', 'वाढीव भार', 'डीपी जळाली', 'फ्यूज टाकला', 'आकडा टाकलाय' हे शब्द ज्याला कळतात त्यालाच वितरणाचं खरं चित्र कळतं. आकडा टाकणं म्हणजे काय, हे दिल्लीत वाढलेल्या मित्राला समजावताना मला वर्गात चक्क फळ्यावर चित्र काढावं लागलं होतं.

इंग्रजी लिहिण्याची सवय लावा. रोज एक परिच्छेद. तुमच्या गावातल्या एखाद्या प्रश्नावर.

उद्देशपत्रात, म्हणजे एसओपीत, काय लिहू?

'लहानपणापासून मला निसर्गाची ओढ' हे वाक्य आधी खोडा. मी काही वर्षं मुलांची उद्देशपत्रं तपासून देतो आहे आणि निम्म्यांची सुरुवात तीच असते. उरलेल्या निम्म्यांत महात्मा गांधींचं एक अवतरण असतं.

गेल्या वर्षी एका मुलीने लिहिलं होतं, की तिच्या गावात शेतीला वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, रात्रीच्या पाळीला तिचा काका बॅटरी आणि काठी घेऊन पाणी द्यायला जातो, आणि घरातलं कुणी तो येईपर्यंत झोपत नाही. मग तिने विचारलं होतं, की सूर्य दिवसा असतो, पंप रात्री चालतो, तर ही सांगड कुणी आणि का अशी घातली? एवढंच. तिला प्रवेश मिळाला. तिचा प्रश्न अस्सल होता आणि त्याला धोरणाचं उत्तरही आहे: रात्री इतर मागणी कमी असते आणि कोळशाची केंद्रं रात्रीपुरती बंद करता येत नाहीत, म्हणून शेतीचा भार रात्रीवर ढकलला गेला. आता फीडरजवळ, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे जाणाऱ्या वीजवाहिनीजवळ, सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज द्यायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे.

प्रवेश घेण्याआधी तयारी काय करू?

पुस्तकांची यादी मागू नका. घरातलं विजेचं बिल घ्या. मागचीपुढची दोन्ही पानं वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, १६ टक्के वीज शुल्क, या प्रत्येक ओळीमागे एक धोरण आहे. स्थिर आकार का असतो? तुम्ही महिनाभर गावाला गेलात तरी तारा आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) तुमच्यासाठी उभेच असतात म्हणून. इंधन समायोजन का? कोळशाचा भाव दर ठरवताना धरला त्यापेक्षा वाढला म्हणून. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि पुढे चढता का? जास्त वापरणाऱ्याने जास्त द्यावं म्हणून.

मग पुढचा प्रश्न. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरच्या सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. ज्याच्याकडे स्वतःचं छत आणि उरलेले पैसे आहेत तो संच बसवतो आणि त्याचं बिल नाममात्र होतं. हाच ग्राहक आधी चढ्या दराने पैसे भरत होता. तो निघून गेला तर त्याच तारांचा खर्च कुणावर येईल? चाळीत दहा बाय बारात राहणाऱ्यावर? मग काय, छतावरचं सौर बंद करायचं? यावर दोन पानं स्वतःच्या भाषेत लिहून काढा. ती दोन पानं लिहिताना जिथे अडलात, ते तुम्हाला शिकायचंय.

ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स पुरेल का?

ओळख करून घ्यायला बरा. नोकरी देणारा त्याच्याकडे फारसं बघत नाही.

नोकरी कुठे मिळते? पगार किती?

मित्र आयटीत असेल तर पगाराची तुलना करू नका, पहिली पाच वर्षं तरी.

कामाची ठिकाणं मात्र वाढली आहेत. संशोधन संस्थांमध्ये पुण्याचं प्रयास, दिल्लीतल्या टेरी, सीईईडब्ल्यू आणि सीएसई, बंगळुरूचं सीस्टेप. सरकारी बाजूला वीज नियामक आयोग, राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था महाऊर्जा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पण तिथे कायम जागा कमी आणि सल्लागार म्हणून कंत्राटी कामं जास्त. तिसरी आणि सध्या सगळ्यात वेगाने वाढणारी बाजू कंपन्यांची. शेअर बाजाराची नियामक सेबीने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. युरोपने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं वगैरे आयातीवर कार्बनचा हिशेब मागायला ऑक्टोबर २०२३ पासून सुरुवात केली. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये बदल होऊन देशातल्या कार्बन बाजाराला पाया मिळाला. साहजिकच हिशेब ठेवणारी माणसं हवी आहेत.

यातलं बरंच काम कंटाळवाणं आहे, हेही ऐकून ठेवा. बारा कारखान्यांकडून डिझेलची बिलं मागवायची, अकरा जण वेळेवर देत नाहीत, बाराव्याने लिटरच्या जागी रुपये भरलेले असतात. इंजिनिअर असाल तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा देऊन ठेवा. ती कामाला येते.

कोळशाच्या कंपनीत काम करणं म्हणजे तत्त्वांशी तडजोड नाही का?

हा प्रश्न सहसा ज्यांच्या घरी कर्जाचा हप्ता नाही ते विचारतात. भारताने २०७० ला निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य ठेवलंय आणि २०३० पर्यंत जीवाश्मेतर, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून इतर, स्रोतांची क्षमता ५०० गिगावॉट करायची घोषणा केलीय. पण आज देशातली बहुतेक वीज कोळशाचीच आहे. जुनं केंद्र कधी आणि कसं बंद करायचं, तिथल्या कंत्राटी कामगाराचं काय, राखेच्या बंधाऱ्याचं काय, हे ठरवताना आतून माहिती असलेली माणसं लागणारच. माझे वडील त्याच कामातून निवृत्त झाले आणि त्याच पगारावर मी हे शिकलो. त्यामुळे या प्रश्नाला माझ्याकडून तटस्थ उत्तर मिळणार नाही.

यूपीएससीची तयारी सोबत करता येईल का?

पर्यावरण आणि शासनव्यवहार या भागांना मदत होते. पण दोन्ही एकदम करणारे बहुतेक जण दोन्हीकडे अर्धे राहतात. एक ठरवा.

पीएचडी करू का?

मास्टर्सनंतर दोन वर्षं काम करा. तरीही एखादा प्रश्न रात्री डोक्यात राहत असेल तर करा. नोकरी मिळाली नाही म्हणून करू नका.

वीजदराच्या जनसुनावणीला विद्यार्थ्याला जाता येतं का?

येतं, आणि जायलाच हवं. वितरण कंपनीने दरवाढीची याचिका केली की वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते. दिलेल्या मुदतीत कुणीही लेखी सूचना-हरकती पाठवू शकतो. वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं. सुनावणी कधी सभागृहात होते, कधी ऑनलाइन. नाव पुकारलं की थोडक्यात बोलायचं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आठ पानांचं टिपण नेलं होतं, तक्त्यांसह. तिसऱ्या मिनिटाला मला आवरतं घ्यायला सांगितलं. माझ्यानंतर एक आजोबा उठले, धोतर-टोपी, हातात पिशवी. त्यांच्याकडे कागद एकच. म्हणाले, "साहेब, माझ्या पंपाला मीटर नाही. मग मी किती वीज वापरली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सभागृहात हशा पिकला, पण प्रश्न बरोबर नेमावर बसला होता. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने धरतात. तो अंदाज जितका फुगवाल तितकी चोरी आणि गळती कागदावर कमी दिसते, आणि शेतकऱ्याच्या नावावर न वापरलेली वीज चढते. माझ्या आठ पानांत हा मुद्दा होता. सहाव्या पानावर, खालच्या तळटिपेत.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि त्यांच्या फीडरचं नाव विचारलं. त्यांनी फीडर, रोहित्राची क्षमता, त्यावरचे पंप आणि त्यातले चालू किती, सगळं तोंडी सांगितलं. मी टिपणाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. माझा प्रबंध त्या फीडरवर झाला.